रक्ताची शिल्लक आणि प्रकाशाची साक्ष

भिलाईचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती झोतभट्टी. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि दुर्गजवळच्या माळरानावर एक नवे औद्योगिक नगर आकारास आले. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे याच नगराच्या निरनिराळ्या सेक्टरांत स्थिरावली. झोतभट्टीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही : तापलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही, परंतु त्याचा रंग बरेच काही सांगतो. मंद तांबडा, नारिंगी, पिवळा, पांढराशुभ्र अशा क्रमाने बदलणारा रंग पाहून जुने जाणते कामगार धातूच्या उष्णतेचा अंदाज बांधीत. याच अनुभवाला शास्त्राने ‘ऑप्टिकल पायरोमीटर’ या उपकरणाचे रूप दिले. दूर उभे राहून, वस्तूला स्पर्शही न करता, तिच्यापासून येणाऱ्या प्रकाशावरून तिचे तापमान सांगणारे हे साधन जगभरच्या पोलाद उद्योगात रुळले.

जे तत्त्व भट्टीच्या बाबतीत उपयोगी पडले, तेच काहीशा निराळ्या स्वरूपात मानवी देहाच्या बाबतीतही उपयोगी पडत आहे. अपघातात, बाळंतपणात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत भरमसाट रक्त वाहून जात असताना शरीराच्या आतील पेशींना प्राणवायू पोहोचतो आहे की नाही, हे सुई न टोचता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने जाणून घेण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले आहेत. औद्योगिक नगर, वर्दळीचा राष्ट्रीय महामार्ग आणि आसपास पसरलेला ग्रामीण भाग अशा तिहेरी परिसरात राहणाऱ्या नागरिकांना या विषयाची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

शरीराचा काटकसरीचा कारभार

सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणतः ५ लिटर रक्त असते. यातील किती रक्त गेले म्हणजे किती धोका, याचे ढोबळ कोष्टक अपघातशास्त्रात रूढ आहे. एकूण रक्ताच्या १५ टक्क्यांपर्यंतचे, म्हणजे सुमारे पाऊण लिटरपर्यंतचे नुकसान निरोगी माणूस बहुधा सहन करतो. १५ ते ३० टक्के रक्त गेले की नाडी जलद होते, हातपाय गार पडू लागतात, मन अस्वस्थ होते. परंतु रक्तदाब मात्र बहुतेक वेळा जवळजवळ जागेवर असतो. ३० टक्क्यांच्या पुढे रक्तदाब घसरू लागतो आणि ४० टक्क्यांपलीकडे प्राणच पणाला लागतात.

या कोष्टकातील दुसरी पायरी सर्वांत फसवी होय. दीड लिटरच्या आसपास रक्त वाहून गेलेले असते आणि तरीही रक्तदाबाचे यंत्र दिलासा देणारा आकडा दाखवीत असते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी अधिकोषणाच्या क्षेत्रातील एक दृष्टान्त पुरेसा आहे. एखाद्या संस्थेची रोकड आटू लागली तर ती प्रथम दूरदूरच्या शाखांतील रक्कम मुख्य कार्यालयाकडे ओढून घेईल. मुख्य कार्यालयाचे व्यवहार काही काळ विनाअडथळा चालतील. त्याची पुस्तके पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटेल. परंतु शाखांच्या तिजोऱ्या मात्र रिकाम्या होत जातील. शरीरही नेमके हेच करते. मेंदू आणि हृदय ही त्याची मुख्य कार्यालये. त्यांचा पुरवठा अबाधित राखण्यासाठी त्वचा, स्नायू, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेथील रक्त मध्यवर्ती अभिसरणाकडे वळविले जाते. रक्तदाब हा या मध्यवर्ती अभिसरणाचा ताळेबंद आहे. शाखांमध्ये काय चालले आहे, हे तो सांगत नाही.

रक्तापासून वंचित झालेल्या स्नायूंतील आणि आतड्यांतील पेशी प्राणवायूवाचून ऊर्जा निर्माण करू लागतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साचते, रक्ताची आम्लता वाढते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव थांबविणे अधिकच अवघड होऊन बसते. पुढे केव्हातरी शरीराचा हा काटकसरीचा कारभार कोलमडतो आणि रक्तदाब एकाएकी खाली येतो. तोवर बहुमोल वेळ निघून गेलेला असतो. म्हणूनच मुख्य कार्यालयाची पुस्तके तपासत बसण्यापेक्षा एखाद्या शाखेची तिजोरी थेट उघडून पाहता आली तर बरे, असा विचार वैद्यकशास्त्रज्ञांनी केला. ही तिजोरी उघडण्याची किल्ली म्हणजे प्रकाश.

रंगातील फरक आणि त्याचे गणित

अंधाऱ्या खोलीत तळहाताखाली विजेरी धरली की बोटांच्या कडा तांबड्या दिसतात, हा प्रत्येकाने बालपणी केलेला प्रयोग आहे. शरीरातील ऊती निळा आणि हिरवा प्रकाश फार लवकर शोषून घेतात. तांबडा प्रकाश मात्र काही अंशी आरपार जातो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा ‘निकट-अवरक्त’ प्रकाश तर काही सेंटिमीटर खोलवर शिरू शकतो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा पट्टा म्हणजे देहाच्या भिंतीला असलेली एक खिडकीच होय.

या खिडकीतून पाहण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा रंग तेजस्वी लाल असतो आणि प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचा काळपट तांबडा. रंगातील हा फरक म्हणजे प्रकाश शोषण्याच्या प्रवृत्तीतील फरक. ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन अधिक शोषते. ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अधिक शोषते. सुमारे ८०० नॅनोमीटरच्या आसपास दोहोंचे शोषण सारखे होते. या दोन प्रकाशांचा परतावा मोजला, की कोणत्या प्रकारचे हिमोग्लोबिन किती, याचे गुणोत्तर मांडता येते.

या कल्पनेचा इतिहास रंजक आहे. १९३५ साली जर्मनीत कार्ल माथेस यांनी कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारे उपकरण बनविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी ग्लेन मिलिकन यांनी असेच उपकरण विकसित केले आणि त्याला ‘ऑक्सिमीटर’ हे नाव दिले. तथापि कातडी, स्नायू आणि धमनीतील रक्त यांचा परिणाम एकमेकांत मिसळत असल्याने ही उपकरणे वापरण्यास किचकट होती. जपानच्या निहोन कोहडेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी १९७२ साली वेगळ्याच एका मोजणीवर काम करीत असताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात सतत व्यत्यय येत होता. तो व्यत्यय दूर करण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले, की प्रकाशाचा जो भाग ठोक्याबरोबर कमीजास्त होतो तो केवळ धमनीतील रक्ताचाच असला पाहिजे. ज्याला अडचण समजले जात होते तेच मोजणीचे साधन ठरले. १९७४ साली या शोधाच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज दाखल झाला आणि ‘पल्स ऑक्सिमीटर’चा जन्म झाला. एप्रिल २०२० मध्ये आओयागी निवर्तले, तेव्हा कोविडच्या साथीत त्यांचे हे उपकरण भारतातील घराघरांत पोहोचत होते.

बोटावरचे यंत्र काय सांगत नाही

कोविडच्या काळात ‘ऑक्सिजन ९५ च्या वर आहे ना?’ हा प्रश्न सर्वतोमुखी झाला. त्यामुळे हा आकडा चांगला असेल तर रुग्ण सुरक्षित आहे, असा समज दृढ झाला आहे. रक्तस्रावाच्या प्रसंगी हा समज घातक ठरू शकतो.

बोटावरचे यंत्र धमनीतील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनवर प्राणवायू लादलेला आहे, एवढेच सांगते. मालाने भरलेल्या १०० गाड्या रोज शहरात येत असतील आणि त्यांतील ५० गाड्या बंद पडल्या, तरी उरलेली प्रत्येक गाडी पूर्ण भरलेलीच असेल. ‘गाड्या भरलेल्या आहेत काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पूर्ण’ असेच येईल. शहरात मात्र टंचाई निर्माण झालेली असेल. फुप्फुसे शाबूत असलेल्या रुग्णाचे निम्मे रक्त वाहून गेले तरी उरलेले रक्त प्राणवायूने भरलेलेच राहते आणि यंत्र ९८ टक्के दाखवू शकते. पुढे बोटातील रक्तप्रवाहच क्षीण झाला की यंत्राला नाडीच सापडत नाही आणि आकडा नाहीसा होतो. म्हणजे गरज सर्वाधिक असताना हे साधन मुके होते.

भिलाईसारख्या नगराच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात झालेल्या वायुगळतीत सहा जणांना प्राणास मुकावे लागले, ही घटना येथील नागरिक विसरलेले नाहीत. या वायूला रंग नाही, वास नाही. आणि तो प्राणवायूला हुसकावून हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. अशा हिमोग्लोबिनचा रंगही लालच असतो. केवळ दोन तरंगलांबी वापरणाऱ्या साध्या ऑक्सिमीटरला हा भेद ओळखता येत नाही. गुदमरत असलेल्या माणसाचा आकडाही तो उत्तम दाखवितो. त्यामुळे वायुबाधेची शंका असेल तेथे या आकड्यावर विसंबून न राहता रक्ताचा नमुना काढून ‘को-ऑक्सिमीटर’ या प्रयोगशाळेतील यंत्रावर तपासणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. दोनऐवजी अनेक तरंगलांबी वापरून हा वायू बोटावरच ओळखण्याचा प्रयत्न करणारी उपकरणेही २००५ च्या सुमारास उपलब्ध झाली. एकूण धडा असा, की प्रकाश खोटे बोलत नाही. परंतु त्याला जेवढे विचारले तेवढेच तो सांगतो.

शाखेच्या तिजोरीत डोकावताना

मग प्रकाशाला वेगळा प्रश्न कसा विचारावा? १९७७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की निकट-अवरक्त प्रकाश कवटीतूनही आरपार जातो आणि त्यावरून मेंदूतील प्राणवायूच्या स्थितीचा वेध घेता येतो. या पद्धतीला निकट-अवरक्त वर्णपटमापन किंवा ‘एनआयआरएस’ असे म्हणतात. ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यावर अवलंबून असतो; ही पद्धत तशी नाही. ती स्नायूंतील किंवा मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांमधील सर्व हिमोग्लोबिनचा एकत्रित हिशेब मांडते. या वाहिन्यांतील बरेचसे रक्त पेशींना प्राणवायू देऊन परत निघालेले असते. साहजिकच, पेशींच्या मागणीच्या मानाने पुरवठा कमी पडला की या परतीच्या रक्तातील शिल्लक घटते आणि यंत्रावरचा आकडा उतरतो. धमनीतील आकडा म्हणजे शाखेत भरणा किती आला याची नोंद. ऊतीतील आकडा म्हणजे ग्राहकांना देऊन झाल्यावर तिजोरीत उरलेली शिल्लक.

रक्तस्रावाच्या रुग्णात ही मोजणी बहुधा अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या तळहाताच्या मांसल उंचवट्यावर करतात. तेथे चरबीचा थर पातळ असतो आणि सूज लवकर येत नाही. शिवाय स्नायू हा शरीराच्या काटकसरीचा पहिला बळी असल्याने तेथील घट लवकर दिसेल, अशी अपेक्षा असते.

या अपेक्षेची कसोटी अमेरिकेत घेण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७०७ निरोगी व्यक्तींमध्ये ऊतीतील प्राणवायूचे प्रमाण सरासरी ८७ टक्के आढळले. तीव्र आघातावस्थेतील, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या अपघातग्रस्तांमध्ये मात्र ते सरासरी ४५ टक्क्यांपर्यंत खाली आलेले होते. २००७ साली सात अपघात-उपचार केंद्रांतील ३८३ रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले, की पुढे एकाहून अधिक अवयव निकामी होण्याचा धोका कोणाला आहे, याचा अंदाज हा प्रकाशाचा आकडा रक्ताच्या आम्लतेच्या तपासणीइतकाच चांगला देतो. रक्ताच्या तपासणीसाठी पुनःपुन्हा नमुना काढावा लागतो; प्रकाश मात्र सुईवाचून अखंड पहारा देतो, हा त्याचा विशेष.

परंतु याच अभ्यासांनी या पद्धतीची मर्यादाही उघड केली. २००५ च्या अभ्यासात सौम्य आघातावस्थेतील रुग्णांचा आकडा सरासरी ८३ टक्के होता आणि आघातावस्था नसलेल्या जखमींचाही तो तेवढाच होता. म्हणजे गंभीर रुग्ण ओळखण्यात हे साधन वाकबगार असले तरी काठावरच्या रुग्णाला वेगळे काढण्यात ते कमी पडते. आणि डॉक्टरांना खरी मदत हवी असते ती नेमकी तेथेच. यावर उपाय म्हणून संशोधकांनी एकाच आकड्यावर न थांबता त्याची हालचाल पाहण्यास सुरुवात केली. दंडावर पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग पट्टा सोडून ऊतीतील प्राणवायू किती वेगाने पूर्ववत होतो ते पाहायचे. ज्याची राखीव गंगाजळी भक्कम आहे त्याची शिल्लक झटकन भरून येते. ज्याची आटली आहे त्याला वेळ लागतो.

लहरीच्या आकारातील संकेत

दुसरा मार्ग अधिकच साधा आहे. बोटावरच्या ऑक्सिमीटरमधील प्रकाश प्रत्येक ठोक्याला एक लहर रेखाटतो. आजवर त्या लहरीतून दोनच गोष्टी काढून घेतल्या जात : प्राणवायूचा टक्का आणि नाडीची गती. बाकीचा आकार टाकून दिला जाई. अमेरिकी लष्कराच्या शस्त्रक्रिया संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या टाकाऊ समजल्या गेलेल्या आकाराकडे लक्ष वळविले. निरोगी स्वयंसेवकांना कमरेखालच्या भागापुरत्या बंद पेटीत झोपवून तिच्यातील हवेचा दाब हळूहळू कमी केला, की रक्त पायांकडे ओढले जाते आणि एक थेंबही न सांडता रक्तस्रावासारखी स्थिती निर्माण होते. अशा प्रयोगांत असे दिसले, की रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधीपासून लहरीचा आकार बदलू लागतो. हे बदल संगणकाला शिकवून ‘भरपाईची राखीव क्षमता’ दाखविणारा एक निर्देशांक तयार करण्यात आला. शरीर आणखी किती काळ तग धरू शकेल, याचा तो अंदाज होय.

या प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. सारख्याच प्रमाणात रक्त कमी झाले तरी सर्वांची सहनशक्ती सारखी नसते. काही जण लवकर कोसळतात, काही बराच काळ टिकतात. कोष्टकातील टक्केवारी सर्वांना सरसकट लागू करणे म्हणूनच धोक्याचे असते.

आपल्याकडील प्रयत्न

या विषयाशी महाराष्ट्राचेही नाते आहे. बाळंतपणातील रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण. आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे अशा मातेला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. मुंबईजवळच्या ग्रामीण भागात काम करताना ही परिस्थिती पाहिलेल्या तरुण डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी ‘बायोसेन्स’ ही संस्था स्थापन केली आणि सुई न टोचता प्रकाशाने हिमोग्लोबिन तपासणारे ‘टच-एचबी’ हे उपकरण घडविले. त्यांच्यापैकी मिश्किन इंगवले यांनी २०१२ साली ‘टेड’च्या व्यासपीठावर त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. ३२ प्रयत्नांनंतर हे उपकरण साकारले, ही त्यांची कहाणी उद्योजकतेच्या दृष्टीनेही वाचनीय आहे. अर्थात, प्रकाशाने मोजलेला हिमोग्लोबिनचा आकडा प्राथमिक चाळणीसाठी उपयुक्त असला, तरी थंड पडलेल्या हातावर आणि चालू रक्तस्रावात प्रयोगशाळेतील तपासणीला तो पर्याय ठरत नाही.

जून २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘सेरेबो’ या स्वदेशी उपकरणाची माहिती दिली. भोपाळचे एम्स, बेंगळुरूची ‘निम्हान्स’ आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांच्या सहभागातून आकारास आलेले, हातात मावणारे हे साधन डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूतील रक्तस्राव आणि सूज ओळखण्यासाठी निकट-अवरक्त प्रकाशच वापरते. अशा साधनांमागील मूळ कल्पना सोपी आहे : कवटीच्या आत एका बाजूस रक्त साचले असेल तर तेथे प्रकाश अधिक शोषला जातो. सीटी स्कॅनची सोय नसलेल्या ठिकाणी ‘याला तातडीने पुढे पाठवा’ एवढा निर्णय जरी लवकर झाला, तरी त्याचे मोल फार मोठे आहे.

मोजमापाचे महत्त्व सांगणारे आणखी एक उदाहरण सीमाभागातील बेळगाव जिल्ह्याचे आहे. तेथे २००२ ते २००५ या काळात १,६२० मातांवर झालेल्या आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत परिचारिकांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. वाहिलेले रक्त डोळ्यांच्या अंदाजाने न ठरविता खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते मोजले गेले. येथे प्रकाशाचे तंत्र नव्हते. पण नेमके मोजले की नेमकी कृती होते, हे तत्त्व तेच. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या चाचणीतही अशीच खुणांची पिशवी आणि तिच्या जोडीला ठरावीक उपचारांचा संच एकत्र वापरल्यावर तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. मोजमाप आणि उपचार यांची सांगड घातली तरच प्राण वाचतात, हे त्यातून अधोरेखित झाले.

सावळ्या कातडीचा प्रश्न

प्रकाशावर आधारलेल्या कोणत्याही साधनाला त्वचेतील रंगद्रव्यातून वाट काढावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवीत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घसरलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. बहुसंख्य नागरिक सावळ्या वर्णाचे असलेल्या आपल्या देशाने या निष्कर्षाची विशेष दखल घेणे इष्ट आहे. परदेशात गोऱ्या त्वचेवर पारखलेले उपकरण येथे आणताना ते येथील त्वचेवरही पारखून घ्यावयास हवे.

याखेरीज गार पडलेली बोटे, सतत होणारी हालचाल, प्रखर प्रकाश, काळी मेंदी, सूज आणि चरबीचा जाड थर यांचाही मोजणीवर परिणाम होतो. म्हणूनच तज्ज्ञ एका आकड्यापेक्षा त्याच्या चढउताराला अधिक महत्त्व देतात आणि त्याच्या जोडीला नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, रक्तातील लॅक्टेट आणि रुग्णाची शुद्ध या सर्वांचा एकत्रित विचार करतात. एकाच खात्यावरून संपूर्ण ताळेबंद काढता येत नाही, हे हिशेबाचे तत्त्व येथेही लागू पडते.

यंत्र येईपर्यंत

भिलाईत सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र अनेक दशके आरोग्यसेवा देत असून जळितांवरील उपचारांसाठी ते विशेष ओळखले जाते. सुमारे ३० किलोमीटरवर रायपूरचे एम्स आहे. तथापि कारखान्याच्या विभागापासून, महामार्गापासून किंवा आसपासच्या खेड्यापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास हाच अनेकदा निर्णायक ठरतो. हातात मावणारी, विजेरीवर चालणारी प्रकाशाची साधने भविष्यात याच टप्प्यावर सर्वाधिक उपयोगी पडतील. कोणता जखमी थोडा थांबू शकतो आणि कोणाला क्षणाचाही विलंब परवडणारा नाही, हे रुग्णवाहिकेतच कळले तर रुग्णालयात रक्त आणि शस्त्रक्रियेची सिद्धता आधीच करता येईल.

वेळेचे हे मोल औषधांच्या बाबतीतही सिद्ध झाले आहे. भारतातील रुग्णालयांसह ४० देशांतील २०,२११ अपघातग्रस्तांवर झालेल्या ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ट्रानेक्झामिक आम्ल हे स्वस्त औषध रक्तस्राव होणाऱ्या जखमींचे मृत्यू कमी करते, परंतु त्यासाठी ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत देणे आवश्यक असते, असे या चाचणीच्या विश्लेषणातून दिसून आले.

तोपर्यंत सामान्य नागरिकाच्या हाती काय आहे? प्रथम १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट आणि सलग दाब द्यावा; कापड भिजले तरी ते काढू नये, त्यावरच दुसरे ठेवून दाब कायम राखावा. जखमी व्यक्तीला आडवे निजवून पांघरूण घालावे, कारण शरीर थंड पडले की रक्त गोठण्यास अडचण येते. तिला काहीही खाऊपिऊ घालू नये. जखमी माणूस बोलतो आहे, रक्तदाब ठीक आहे, बोटावरचे यंत्र ९८ दाखविते आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. गार व फिकट पडलेले हात, जलद नाडी, वाढती तहान आणि अस्वस्थता या खुणा कोणत्याही यंत्रावाचून ओळखता येतात. आणि शाखांच्या तिजोऱ्या रिकाम्या होऊ लागल्याची ती पहिली वर्दी असते.

दुसरी गोष्ट रक्तदानाची. रक्त किती उणे झाले आहे हे प्रकाश दाखवील, परंतु ती उणीव प्रकाशाने भरून निघत नाही. १८ ते ६५ वर्षे वयाची, किमान ४५ किलो वजनाची आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते, म्हणजे निरोगी शरीर सहज सोसू शकेल एवढेच. रक्तपेढीतील साठाही फार काळ टिकणारा नसतो. लाल पेशी साधारणतः ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस ठेवता येतात. म्हणून या पेढीत एकदाच मोठी रक्कम भरून चालत नाही; तेथे नियमित भरणा करणारे खातेदार लागतात. अपघाताच्या रात्री सेक्टर ९ च्या किंवा अन्य कोणत्याही रुग्णालयाच्या दारात रुग्णवाहिका थांबेल, तेव्हा आत रक्ताची पिशवी तयार असणे हे आधीच कोणीतरी येऊन गेलेल्या अनाम रक्तदात्यावर अवलंबून असते.